गांभीर्यपूर्वक दृढकथन

परवा टीव्हीवर जुन्या शपथविधीची क्लिप चालू होती. आत्या समोर बटाटे सोलत बसलेली, मी फोनमध्ये. एकेक जण येऊन "ईश्वरसाक्ष शपथ घेतो की" म्हणून जात होता, मध्येच एक जण "गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो की" म्हणाला आणि आत्याचे हात थांबले. "काय म्हणाला रे हा? चुकला वाटतं." म्हटलं चुकला नाही गं, संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत दोन्ही ओळी छापलेल्यात, ज्याला जी हवी ती घ्यायची. "म्हणजे देव नको असेल तर?" हो. "मग तू आमदार झालास की तेच म्हणशील," असं म्हणून तिने पुढचा बटाटा घेतला.

आमदार मी काही होत नाही, पण त्या दुसऱ्या ओळीशी माझी एकदा गाठ पडलीय.

बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या चौकात दोन गाड्या धडकल्या तेव्हा मी वडापाव खात तिथे उभा होतो, एवढ्या भांडवलावर साक्षीदार झालो. कोर्टात पिंजऱ्यात उभा राहिल्यावर शिपाई सवयीने म्हणाला, "म्हणा, देवाशपथ खरं सांगेन, खोटं सांगणार नाही." मी म्हटलं, मी प्रतिज्ञेवर सांगतो. "म्हणजे?" म्हणजे देवाचं नाव नको. "बरं मग धर्म कुठला तुमचा?" आता याला काय सांगायचं. आपल्या बाजूचे वकील माझ्याकडे असे बघतायत की जणू मी केसच बुडवली. न्यायाधीशांनी मान वर न करता "प्रतिज्ञेवर घ्या" म्हटलं आणि अर्ध्या मिनिटात विषय संपला, कारण १९६९ च्या शपथ कायद्यात ती सोय आहेच. खरी मजा नंतर. उलटतपासणीत समोरचे वकील विचारतात, "तुम्ही देव मानत नाही, मग खरं बोलायचं तुमच्यावर बंधन काय?" साहेब म्हणाले पुढचा प्रश्न घ्या. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही, आणि नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं की याच प्रश्नावर ब्रिटनच्या संसदेत एका माणसाची सहा वर्षं फुकट घालवली होती.

चार्ल्स ब्रॅडलॉ त्याचं नाव. उघड नास्तिक, वर राजेशाहीच्या विरोधात आणि संततिनियमनाचा पुरस्कर्ता, म्हणजे सभ्य लोकांना चिडवायला जे जे लागतं ते सगळं एकाच माणसात. १८८० मध्ये नॉर्थॅम्प्टनमधून निवडून आला आणि म्हणाला मला देवाची शपथ नको, मी प्रतिज्ञा करतो. समितीने सांगितलं, ती सोय तुला नाही. ठीक आहे, मग शपथ घेतो. तर म्हणे तीही घेता येणार नाही, तू देव मानत नाहीस तर तुझ्या शपथेला अर्थ काय! म्हणजे इकडून पण दार बंद आणि तिकडून पण. आपल्याकडे तहसीलमध्ये जसं होतं ना, उत्पन्नाचा दाखला हवा तर आधी रहिवासी आणा आणि रहिवासी हवा तर आधी उत्पन्नाचा, तसंच. तो हटेना म्हणून जून १८८० मध्ये त्याला एक रात्र संसदेच्याच घड्याळाच्या मनोऱ्यात डांबलं, ज्याला आपण बिग बेन म्हणतो त्यात. जागा रिकामी जाहीर केली की पोटनिवडणूक आणि नॉर्थॅम्प्टनची माणसं पुन्हा त्यालाच पाठवणार, असं परत परत. १८८१ मध्ये पोलिसांनी त्याला सभागृहाबाहेर ओढत काढला तेव्हा अंगावरचा कोट फाटला. पुढच्या वर्षी हा पठ्ठ्या खिशातून स्वतःचं बायबल काढून स्वतःच शपथ वाचून सही करून मोकळा झाला, तर परत हकालपट्टी.

यात सगळ्यात आवाज होता लॉर्ड रँडॉल्फ चर्चिलचा, विन्स्टनच्या वडलांचा. ब्रॅडलॉचं एक पत्रक त्याने सभागृहात जमिनीवर आपटून पायाखाली तुडवलं होतं. याला देवाची इतकी काळजी होती का, तर मला नाही वाटत. पंतप्रधान ग्लॅडस्टनला कोंडीत पकडायला नास्तिक हे आयतं हत्यार सापडलं होतं, बघा हे सरकार देव न मानणाऱ्याच्या पाठीशी उभंय. हा डाव ओळखीचा वाटला ना. आपल्याकडे अंधश्रद्धाविरोधी कायद्याला ‘हा धर्मावर घाला आहे’ म्हणत वर्षानुवर्षं अडवलं तेव्हा हेच चालू होतं, शेवटी २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात दाभोलकरांना गोळ्या घातल्यावर चार दिवसांत त्याचाच वटहुकूम निघाला. बरं, त्या कायद्यात देव मानू नका असं एक अक्षर नाही, आणि दाभोलकरही देवाविरुद्ध कायदा मागत नव्हते.

पण ग्लॅडस्टन मला जास्त इंटरेस्टिंग वाटतो. चर्चवर मनापासून श्रद्धा असलेला माणूस, नास्तिकपणा त्याला अजिबात आवडायचा नाही. तरी १८८३ मध्ये प्रतिज्ञेची मुभा देणारं विधेयक त्याच्या सरकारने आणलं आणि त्याने त्यावर भाषण केलं, मध्ये रोमन कवी ल्युक्रिशियसच्या लॅटिन ओळी वगैरे. मुद्दा साधारण असा की कुठलातरी देव मानला की चालेल अशी अट ठेवून तुम्ही धर्माचं काय भलं करताय? विधेयक पडलं, २९२ विरुद्ध २८९. तीन मतं! शेवटी १८८६ मध्ये सभागृहाच्या नव्या अध्यक्षांनी कोणाचं काही ऐकून न घेता ब्रॅडलॉला शपथ घेऊ दिली आणि १८८८ मध्ये त्याने स्वतःच प्रतिज्ञेचा कायदा पास करून घेतला. पुढच्याच वर्षी, आजारातून नुकताच उठलेला असताना, तो मुंबईला काँग्रेसच्या अधिवेशनाला आला होता. संसदेत हिंदुस्थानचे प्रश्न इतके मांडायचा की त्याला ‘मेंबर फॉर इंडिया’ म्हणायचे.

१८९१ मध्ये तो गेला. अंत्ययात्रेला लंडनमधली हिंदुस्थानी मंडळी गेली त्यात विद्यार्थी गांधी पण होते. परतताना स्टेशनवर एका नास्तिक गृहस्थाने एका पाद्र्याला पकडलं, पृथ्वीचा घेर सांगून मग विचारलं की तुमच्या देवाचा आकार सांगा बघू. हा प्रसंग गांधींनी आत्मकथेत लिहिलाय आणि त्याने आपला नास्तिकतेबद्दलचा पूर्वग्रह आणखी वाढला असंही लिहिलंय. हे वाचून मला माझाच कॉलेजातला अवतार आठवला. गणपतीत मामाला भर आरतीनंतर असलेच प्रश्न विचारून मी मोदक कडू केले होते. ब्रॅडलॉने सहा वर्षं भांडून मिळवलेलं त्या स्टेशनवरच्या माणसाने पाच मिनिटांत थोडंफार उधळलं, निदान एका विद्यार्थ्यापुरतं तरी.

आपल्या संविधान सभेतही असा एक दिवस येऊन गेलाय. १७ ऑक्टोबर १९४९. ह. वि. कामथ म्हणाले उद्देशिकेची सुरुवात ‘ईश्वराच्या नावाने’ अशी करा. आसामचे रोहिणीकुमार चौधरी म्हणाले मग देवीचं नाव का नको? पूर्णिमा बॅनर्जींनी विनवलं की देवावर मत द्यायची वेळ आमच्यावर आणू नका, हृदयनाथ कुंझरूंनीही विरोध केला. अध्यक्ष राजेंद्रप्रसादांनी सूचना मागे घ्या असं सुचवून पाहिलं, पण कामथ मागे हटले नाहीत. मतदान झालं, ४१ विरुद्ध ६८, देव हरला म्हणा हवं तर. पण ते ६८ काय सगळे नास्तिक होते का, बहुतेक जण घरी पूजा करणारेच असणार. माझी जागा मला ठेवली ती अशा लोकांनी, हे मान्य करायला मला बरीच वर्षं लागली.

आणि आताचे नेते? शिव्या देत नाहीत सहसा, पण आपण त्यांना दिसतच नाही. तिघांनी सरकारी राजपत्रात धर्म ‘ख्रिश्चन’ऐवजी ‘कुठलाच नाही’ छापून मागितला तर सरकारी मुद्रणालयाने नकार दिला, कोर्टात राज्य आणि केंद्र दोघांनीही विरोधच केला. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये सांगितलं की धर्म न मानण्याचाही हक्क आहे आणि कुठलाही अधिकारी धर्म सांगायची सक्ती करू शकत नाही. निकाल छान, पण ऑनलाइन फॉर्मच्या ड्रॉपडाउनला उच्च न्यायालय माहीत नसतं, लाल चांदणी असलेला रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडतच नाही. मी काय करतो? ‘हिंदू’ टिक करून पुढे जातो. कोर्टात मोठा ताठ उभा राहिलो होतो, पण रात्री अकरा वाजता शेवटच्या तारखेला कोण भांडणार.

२०११ च्या जनगणनेत सहा धर्मांना सांकेतिक आकडे दिलेले होते, बाकीच्यांनी नाव लिहायचं. ३३,३०४ लोकांनी स्वतःला नास्तिक म्हटलं, त्यातले सगळ्यात जास्त, ९,६५२, महाराष्ट्रात. आणि मोजले कुठे तर ‘इतर धर्म आणि पंथ’ या यादीत, घ्या! एवढ्याशा लोकांसाठी कुठला नेता शब्द खर्च करेल. त्यात मी पण नाही. प्रगणक बाई आल्या तेव्हा मी आंघोळीला होतो, बाबांनी दारातूनच सगळ्या घराचं ‘हिंदू’ सांगून टाकलं आणि वर त्यांना चहाही पाजला.

आता २०२७ ची येतेय. आत्याला सांगून ठेवलंय, कोणी आलं की मला हाक मार, माझं मी सांगेन. "दृढकथन का काय ते करणारेस?" म्हणाली. मग जरा वेळाने, "मी घरी असले तर मारीन हाक."