वाळूजच्या लाइनवरची उणे वेळ

वाळूज एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कन्व्हेयरवर 200 मिमी अंतरानं दोन सेन्सर बसवलेले. पट्टा सेकंदाला अर्धा मीटर पळतो, म्हणजे भागाला एकापासून दुसऱ्यापर्यंत 400 मिलिसेकंद लागायला हवेत. लिनक्स पीसीवरच्या सी प्रोग्रामच्या लॉगमध्ये मात्र मधूनच उणे आकडा उमटायचा आणि चांगला भाग रिजेक्टच्या पेटीत पडायचा. सगळ्यांचा संशय वायरिंगवर. ऑपरेटर एवढंच म्हणाला, "सर, लाइट जाऊन आली की असं करतंय बघा."

मी मदरबोर्डवरचा सीआर2032 सेल, म्हणजे वीज नसताना पीसीचं घड्याळ चालू ठेवणारा बटण-सेल, मोजला, पार संपलेला. लाइट आली की पीसी जुन्याच तारखेनं उठायचा, लाइन चालू व्हायची, राउटर मागाहून जोडला जायचा आणि मग क्रोनी (नेटवर्कवरून वेळ जुळवणारा प्रोग्राम) घड्याळ एका झटक्यात कित्येक वर्षं पुढं सरकवायचं. त्या क्षणी दोन सेन्सरांच्या मधे असलेल्या भागाचा हिशेब बिघडला! प्रोग्राम गेटटाइमऑफडे हे फंक्शन वापरत होता. ते भिंतीवरच्या घड्याळासारखी तारीख-वेळ देतं, आणि ती वेळ मागंपुढं केली जाऊ शकते.

पण घड्याळ पुढं गेलं तर फरक उणे कसा? दोन वेळांमधला फरक मायक्रोसेकंदांत, 32 बिटी इंटमध्ये (सी मधला पूर्णांकाचा प्रकार) ठेवलेला. त्यात जेमतेम 2,147 सेकंद मावतात, पाऊण तासही नाही. त्यापुढं येईल तो आकडा बेभरवशाचा.

मोजणी क्लॉक_गेटटाइम या फंक्शनवर नेली, त्याला कोणतं घड्याळ वाचायचं ते सांगता येतं. फरक 64 बिटी केला. क्लॉक_मोनोटॉनिक हे फक्त पुढं चालणारं घड्याळ उडी मारत नाही, पण क्रोनी त्याची गती कमीजास्त करतं. म्हणून मोजायला क्लॉक_मोनोटॉनिक_रॉ घेतलं, त्याच्या गतीला क्रोनी हात लावत नाही. लॉगमधली तारीख-वेळ रिअलटाइम या नेहमीच्या घड्याळावरच राहिली, ती माणसांनी वाचायची असते.

खरी किचकट गोष्ट सेन्सर वाचणाऱ्या लूपची. दर मिलिसेकंदाला फिरायचा लूप यूस्लीपवर होता, म्हणजे प्रत्येक वाचनानंतर एक मिलिसेकंद झोपायचा. वाचायला 80 मायक्रोसेकंद, वर कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) टायमर स्लॅक, म्हणजे झोपेतून उठवायला तो घेत असलेली सवलत, ती मुळात 50 मायक्रोसेकंद. फेरी 1.13 मिलिसेकंदांवर जाते आणि मिनिटाला 60,000 ऐवजी 53,000च्या आसपास फेऱ्या पडतात. यावर उपाय क्लॉक_नॅनोस्लीप हे फंक्शन, टायमर_अ‍ॅबसटाइमसह, म्हणजे किती वेळ झोपायचं ते न सांगता कधी उठायचं ते सांगायचं: पुढची वेळ आधीच्या ठरलेल्या वेळेत 10 लाख नॅनोसेकंद मिळवून काढायची, 'आत्ता'मध्ये मिळवून नव्हे. टीव्ही_एनसेक, म्हणजे वेळेतला नॅनोसेकंदांचा भाग, 100 कोटी किंवा त्यापुढं गेला की एक सेकंद पुढं न्यायचा. हे फंक्शन एररनो (सी मधला एररचा आकडा ठेवायचा नेहमीचा व्हेरिएबल) भरत नाही, एररचा आकडा सरळ परत देतं. ईइंटर, म्हणजे सिग्नलनं झोप मधेच मोडल्याचा एरर, आला तर तीच वेळ देऊन पुन्हा झोपवायचं. इथं रॉ चालत नाही, मोनोटॉनिकच द्यावं लागतं. थ्रेडला शेड_फिफो (रिअलटाइम प्राधान्य) दिलं की स्लॅकही लागू होत नाही.

कर्नल वेळ कोणत्या हार्डवेअर काउंटरवरून मोजतं ते करंट_क्लॉकसोर्स फाइलमध्ये कळतं. तिथं टीएससी या प्रोसेसरमधल्या काउंटरऐवजी एचपेट हा बोर्डवरचा टायमर दिसला. डीमेसेजनुसार (कर्नलच्या संदेशांच्या यादीनुसार) कर्नलनं टीएससी अस्थिर ठरवून बाद केलं होतं. बूटला टीएससी=रिलायबल देऊन ते बळंच चालू करता येतं, पण कर्नलनं बाद केलेला काउंटर मी परत घेत नाही. एचपेट वाचायला हळू, तरी मिलिसेकंदाच्या लूपला त्यानं काही अडत नाही.