सव्वा महिन्यानंतरच्या रात्री

सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुक्यात एका उपकेंद्रावर मी आरोग्य सेविका आहे. लसीकरणाच्या दिवशी दीड महिन्याचे बाळ आले की मी बाळाच्या आधी त्याच्या आईकडे पाहते. त्या दिवशी आलेल्या मुलीचे डोळे खोल गेले होते आणि बाकावर बसल्या-बसल्या तिची मान कलत होती. तिच्या सासूबाईंनी पिशवीतून आधी दुधाच्या भुकटीचा डबा आणि बाटली काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि मग लसीचे कार्ड पुढे केले. "सिस्टर, हिचं दूध पुरत नाही. पोरगं रात्रभर अंगावर असतं, तासाला उठतं. डब्यातलं किती पाजायचं तेवढं सांगा," असे त्या म्हणाल्या. आईचे दूध बाळासाठी सर्वोत्तम असल्याची सूचना, जी कायद्याने अशा डब्यावर छापावीच लागते, त्यांच्याच अंगठ्याखाली होती.

दूध पुरते की नाही, हे बाळाच्या रडण्यावरून ठरवता येत नाही, म्हणून मी उत्तर न देता बाळाला उघडे करून काट्यावर ठेवले. कार्डावर जन्माचे वजन २ किलो ७०० ग्रॅम होते आणि काटा ३ किलो ९०० ग्रॅम दाखवत होता. पहिल्या आठवड्यात प्रत्येक बाळाचे वजन थोडे उतरते आणि ते साधारण दोन आठवड्यांत भरून येते. त्यानंतर दिवसाला वीस-तीस ग्रॅम वाढले तरी पुरेसे असते. या बाळाची वाढ त्याहून कमी नव्हती. दिवसाकाठी किती लंगोट ओले होतात, असे विचारल्यावर सासूबाई हसून म्हणाल्या, "वाळत घालून दोरी पुरत नाही." दिवसाला सहा लंगोट चांगले ओले झाले तरी माझे समाधान होते. डबा नुकताच फोडलेला होता. बाळ बाटली गटागट पिते, म्हणजे ते उपाशीच होते, असा त्यांचा हिशेब होता. मी त्यांना सांगितले की बाटलीतले दूध तोंडात आपोआप येत राहते आणि एवढ्या लहान बाळाला चोखण्याची ओढ असल्याने भूक नसली तरी ते गिळत जाते. शिवाय बाळ जेवढे पिते त्या मानाने अंगावर दूध उतरते आणि ते उतरवणारे संप्रेरक रात्री अधिक असते. त्यामुळे रात्रीचे पाजणे बाटलीवर टाकले, तर आज नसलेली कमतरता महिन्याभरात खरोखरच निर्माण होते.

मग बाळ तासाला का उठत होते? अडीच-तीन महिन्यांपर्यंत बाळाला दिवस आणि रात्र यांतला फरक नीटसा कळत नाही, चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पिणे ही या वयाची रीतच असते आणि सहाव्या आठवड्याच्या सुमारास रडणे व पिणे दोन्ही वाढतात. एवढे सगळ्या बाळांना लागू होते. या घरात त्यात आणखी एका गोष्टीची भर पडली होती. सकाळी तेल, गरम पाण्याची अंघोळ आणि शेक झाला की बाळाला दुपट्यात गुंडाळून, दारे-खिडक्या लावून अंधाऱ्या खोलीत निजवत आणि ते दुपारपर्यंत झोपे. ती झोप कोणी मोडत नसे. झोपलेल्या बाळाला उठवू नये, असे सासूबाईंचे मत. मी त्यांना सुचवले की खोलीत उजेड असू द्यावा, घरातले आवाज चालू राहू द्यावेत आणि दर दोन-अडीच तासांनी बाळाला उचलून पाजावे. रात्री मात्र मिणमिणता दिवा ठेवावा, बाळाशी बोलू-खेळू नये आणि लंगोट बदलून, पाजून लगेच निजवावे.

सासूबाई पाणी प्यायला बाहेर गेल्या, तेव्हा मी तिला एक प्रश्न विचारला: बाळ झोपल्यावर तुला झोप लागते का? बाळंतिणीला हा प्रश्न मी कधीच चुकवत नाही. बाळ शांत झोपले असतानाही जिला झोप येत नाही, तिला मी प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांकडे पाठवते, कारण तिथे केवळ थकवा नसून मनाचे आजारपण असू शकते. ती म्हणाली, "लागते की, कुणी झोपू दिलं तर." या उत्तराने मला हायसे वाटले. मग तिने हळूच सांगितले की रात्री खाटेच्या काठावर बसून पाजताना तिचा डोळा लागला आणि बाळ मांडीवरून गोधडीवर घसरले. त्याला काही लागले नव्हते. पण घरात तिने हे कोणाला सांगितले नव्हते. आडवे होऊन पाजले तर दूध कानात जाऊन कान फुटतो, असे तिला बजावले होते, म्हणून ती पाठीला टेकूही न घेता बसून राहायची.

सासूबाई परतल्यावर मी तिला त्यांच्यासमोरच तपासणीच्या खाटेवर कुशीवर निजवले. पाठीशी उशी दिली आणि बाळालाही कुशीवर, पोटाशी पोट लागेल असे, त्याचे तोंड स्तनाग्राच्या समोर येईल इतके जवळ घेतले. त्याने मोठे तोंड उघडून चांगली पकड घेतल्यावर गिळण्याचा आवाज येऊ लागला. कानाच्या आसपास एक थेंबही गेला नाही, हे सासूबाईंनी वाकून पाहिले. दुसऱ्या बाळाची लस टोचून मी परत येते, तोवर मायलेकरे दोघेही झोपली होती आणि बाळाने आपणहून तोंड सोडले होते. मी त्याला उचलून पाठीवर निजवले, पण तिला उठवले नाही. सत्र संपेपर्यंत ती झोपून राहिली. सासूबाई तिच्या पायाशी बसून होत्या. काही वेळाने त्या म्हणाल्या, "पहाटे पाचला उठवते मी हिला. लेकाचा डबा असतो ना."

खरा प्रश्न तिथे होता. मुलगी सव्वा महिना माहेरी होती आणि रात्री पाजून झाले की बाळाला तिची आई घेत असे. सासरी येऊन तिला आठवडाच झाला होता. आपल्याकडे बाळंतिणीची विश्रांती सव्वा महिन्याला संपते आणि बाळाचे रडणे नेमके तेव्हाच टिपेला पोहोचलेले असते. आमच्या कार्यक्रमाचीही गत वेगळी नाही: आशाताईंच्या नवजात बाळासाठीच्या घरभेटी ४२ व्या दिवशी थांबतात आणि पुढची भेट थेट तिसऱ्या महिन्यात असते. मधले आठवडे बाई एकटीच काढते.

नवरा शिरवळच्या औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या पाळीला होता आणि बाराच्या सुमारास घरी यायचा. मी तिला नवऱ्याला फोन लावायला सांगितले. पाजणे सोडून बाकी सर्व त्याला जमण्यासारखे होते: लंगोट बदलणे, खांद्यावर घेऊन ढेकर काढणे, बाळ तिच्या कुशीत देणे आणि पाजून झाल्यावर परत घेऊन जवळच वेगळ्या अंथरुणावर पाठीवर निजवणे. पहाटेचे पाजून झाल्यावर दोन तास बाळ सासूबाईंनी सांभाळायचे आणि डबाही त्यांनीच करायचा, असे ठरले. खाट भिंतीला फट न ठेवता लावावी, बाळाच्या अंगावर जड गोधडी आणि डोक्याशी उशी नको, तंबाखू-बिडी ओढणाऱ्याने त्याच्याशेजारी निजू नये, हेही सांगितले. मांडीला टोचलेल्या लसीने त्या रात्री अंग तापण्याची आणि बाळ अधिक वेळा अंगावर येण्याची शक्यता होती, तेव्हा नवी घडी बसवायला ती रात्र वाईटच होती. पण लस पुढे ढकलण्याचे ते कारण नव्हते.

अडीच महिन्यांच्या लसीला तिघेही आले. वजन ४ किलो ७०० ग्रॅम भरले. बाळ अजून रात्री तीनदा उठत होते आणि सासूबाईंना ते थोडे खटकत होते. सहा महिन्यांची कितीतरी बाळेही रात्री एक-दोनदा पितात, हे मी त्यांना सांगितले. डब्याची चौकशी केली, तेव्हा तो उरलेला तसाच टाकून दिल्याचे समजले. नवऱ्याची आता रात्रपाळी लागली होती, म्हणून सासूबाईंनी आपले अंथरूण सुनेच्या खोलीत हलवले होते आणि सकाळी आठला घरी आल्यावर तो तासभर बाळ घेऊन बसत होता. साडेतीन महिन्यांच्या लसीची तारीख मी कार्डावर लिहून दिली.