अण्णा आणि वारकऱ्यांचे पाय

रविवार, २२ जून २०२५

आज सकाळी दोन्ही पालख्या पुण्यातून निघाल्या. माउली दिवे घाट चढून सासवडला, तुकोबाराय लोणी काळभोरला. वारकऱ्यांच्या पायांची मलमपट्टी चालली ती नाना पेठेतली शाळा झाडून दिली, उरलेला कापूस आणि पट्ट्या डब्यात भरल्या. घरी येऊन आंघोळ केली आणि लिहायला बसले. अण्णा, माझे वडील, दिवाळीनंतर गेले. त्यांच्याविना ही पहिली वारी.

शोकसभेत सगळे १९७१ बद्दल बोलले. शूर, लढवय्ये, देशासाठी जगले. खोटं त्यात काहीच नव्हतं. माणचा दुष्काळी मुलूख सोडून ते खडकीला भरती झाले, बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलात, आणि ऐन विशीत पश्चिम सीमेवर सुरुंग काढायला गेले. पण त्या दिवशी ऐकताना मला सारखं वाटत होतं की हे अर्धेच अण्णा आहेत. पलटणीतून आल्यावर त्यांनी तीस-पस्तीस वर्षं जे केलं ते कुणी बोललं नाही. म्हणून आज लिहितेय.

लढाईच्या गोष्टी ते सांगत नसत. शाळेत असताना मी फारच मागे लागले, तेव्हा एकदा आईची विणायची सुई घेतली आणि तुळशीशेजारच्या कुंडीत खुपसून दाखवली. तिरकी, अगदी आडवीकडे झुकलेली. पोटावर झोपून जमीन अशी चाचपत पुढे जायचं. टोक सुरुंगाच्या कडेला लागलं पाहिजे. सुई सरळ उभी घातली आणि वरून दाब पडला की संपलं. मोकळ्या केलेल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना पांढरी पट्टी टाकत जायचं, मागून रणगाडे येतात. "मागच्यांना घाई असते. आपण घाई करायची नाही," एवढंच म्हणाले आणि सुई पुसून आईला परत दिली.

त्यांच्या कपाटाच्या दारावर आतल्या बाजूला रामा राघोबा राणे यांचा फोटो होता. तेही बॉम्बे सॅपर्सचेच. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरी वाटेवर, जखमी असूनही, त्यांनी सुरुंग आणि अडथळे काढून रणगाड्यांना रस्ता करून दिला आणि परमवीर चक्र मिळवलं. अण्णांनी स्वतःचा गणवेशातला फोटो कधी भिंतीवर लावू दिला नाही. राण्यांचा मात्र रोज पुसायचे.

निवृत्तीनंतर विश्रांतवाडीत घर झालं, भोसरीच्या एका कारखान्यात सुरक्षेची नोकरी लागली, आणि पालख्या पुण्यात मुक्कामाला आल्या की वारकऱ्यांच्या पायांसाठी दोन दिवसांची रजा ठरलेली. फौजेत पाय तपासायची शिस्त असते. पायाला फोड आला तर जवान मागे पडतो, म्हणून मोजे कोरडे, नखं कापलेली, बोटांच्या बेचक्यात पावडर. अण्णांनी तीच शिस्त वारकऱ्यांसाठी लावली. आधी कोमट पाण्यात पाय धुवायचे, मग फडक्याने टिपायचे, चोळायचे नाहीत. फोड मोठा, टणटणीत असेल तरच निर्जंतुक सुईनं कडेला, तिरकं टोचायचं. पाणी जाऊ द्यायचं, पण वरची कातडी सोलायची नाही, तीच खालच्या ओल्या जागेला झाकते. भिजलेल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवायचे. पायाला जखम आहे आणि म्हातारबुवा म्हणताहेत काहीच दुखत नाही, असं दिसलं की अण्णा लगेच साखरेचं, म्हणजे मधुमेहाचं, विचारायचे आणि स्वतः हात न लावता त्यांना डॉक्टरांच्या टेबलापाशी नेऊन बसवायचे.

हिंगोलीकडच्या एका आजींनी एकदा पाय मागे ओढून घेतले. "नको बाबा, तुमी वडीलमाणूस, माझ्या पायाला हात लावू नका." अण्णा खाली फरशीवर मांडी घालून बसलेले. म्हणाले, "माउली, उद्या घाट आहे. पाय दाखवा." आवाज हुकमाचा होता. आजींनी मुकाट्यानं पाय पुढे केला.

दुसरं काम वर्षभर चालायचं. दिघी, कळस, धानोरी इथल्या फौजींच्या विधवा कागदांची पिशवी घेऊन आमच्याकडे यायच्या. डिस्चार्ज बुकात नाव एक, आधारला दुसरं. लग्नाची नोंदच पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे फौजेच्या दप्तरी, पडलेली नाही, त्यामुळे कुटुंब पेन्शन अडकलेलं. अण्णा फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसला, जिथे जवानांच्या नोंदी असतात, अर्ज लिहायचे, सुवाच्य अक्षरात, आणि प्रत्येकीला अर्जाची प्रत जपून ठेवायला लावायचे. पेन्शन 'स्पर्श' या फौजेच्या ऑनलाइन पेन्शन व्यवस्थेवर गेलं तेव्हा सत्तरी ओलांडलेली, तरी माझ्या मुलाकडून मोबाइलवर हयातीचा दाखला भरायला शिकले, आणि पुढे कितीतरी जणींचे भरून दिले. त्यांचं एक ठाम मत होतं, आणि ते मला आज जास्तच पटतं: सैनिकाचा सन्मान ७ डिसेंबरला, ध्वजदिनी, छातीवर झेंडा लावून होतो, पण त्याच्या बायकोचं पेन्शन महिन्याच्या महिन्याला आलं तर तो पुरा होतो.

त्यांच्या मागे आईचे कागद काढले तर सगळं तयार. पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, दोघांचा एकत्र फोटो, सगळीकडे एकच स्पेलिंग. वर चिठ्ठी, कुठला कागद आधी द्यायचा त्याची. मी कितीतरी वेळ ती फाइल मांडीवर घेऊन बसले होते. एवढं प्रेम करणारा माणूस तोंडानं कधी बोलला नाही.

या वर्षी शाळेत त्यांच्या जागी मी बसले. माझा हात अजून त्यांच्याइतका हलका नाही, पण कातडी कुणाची सोलली नाही. संध्याकाळी कळसच्या एका काकूंचा फोन आला. अण्णांनीच सुरू केलेलं त्यांचं प्रकरण, नावातल्या एका अक्षरासाठी परत आलंय. मंगळवारी सुट्टी टाकलीय. जुन्या अर्जाची प्रत त्यांच्याकडे आहे म्हणाल्या, ती घेऊन दोघी खडकीला रेकॉर्ड ऑफिसात जाऊ.