तुम्ही विचारलंत म्हणून: काचेपलीकडचं जेवण

बँकॉक, सिंगापूर किंवा बालीला निघालेलं कुणी भेटलं की तिकीट, हॉटेल सांगून झाल्यावर प्रश्न येतोच: "तिकडे खाण्यापिण्याचं कसं करतेस गं? फार पैसे जातात का?" विचारणाऱ्याला बहुधा दोनच गोष्टी दिसत असतात. एक तर गारेगार हॉटेलात बसून बिल बघताना पोटात गोळा येणार, नाहीतर खोलीवर परतून पाकिटातले नूडल्स गरम पाण्यात घालावे लागणार. मी आग्नेय आशियात बरीच फिरले आहे, तेही मोजक्या पैशांत, आणि एक प्रसंग सोडला तर या दोन्हींतलं काही करावं लागलेलं नाही. तिथली नोकरदार माणसं दुपारी जिथे जेवतात तिथे जेवायचं. स्वस्त तेच असतं आणि बहुतेक वेळा चवीलाही तेच उजवं असतं. माझ्या शाकाहारी मावशीनेही विचारलंय, तिचं उत्तर शेवटी.

अशी जागा ओळखायची खूण म्हणजे काच. काचेमागे स्टीलचे ट्रे, त्यांत सकाळी शिजवलेले दहा-पंधरा पदार्थ, आणि पळी हातात घेतलेलं माणूस. थायलंडात याला 'खाव गेंग' म्हणतात, म्हणजे भात आणि रस्सा. व्हिएतनाममध्ये 'कम बिन्ह झान', साध्या माणसांचं जेवण. इंडोनेशियात 'वार्तेग', जावातल्या तेगाल गावावरून पडलेलं नाव. फिलिपिन्समधलं नाव मला सगळ्यांत आवडतं: 'तुरो-तुरो'. तुरो म्हणजे बोट दाखवणं. भाषा येत नसली तरी अडत नाही, कारण तिथली माणसंही बोटच दाखवत असतात.

बँकॉकमधल्या कचेऱ्यांच्या एका गल्लीत मी पहिल्यांदा असं जेवले. साडेअकराची वेळ, गळ्यात ओळखपत्रं अडकवलेल्या माणसांची रांग. काचेमागच्या बाईंना सगळे 'पा' म्हणत होते, म्हणजे मोठी मावशी. त्यांनी ताटलीत भात घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मी हिरव्या रश्श्याकडे बोट केलं. एक पळी. मग लांब शेंगांच्या परतलेल्या भाजीकडे. अर्धी पळी भाताच्या दुसऱ्या कडेला, रश्श्यात मिसळणार नाही अशी. शेवटी कडा कुरकुरीत झालेलं तळलेलं अंडं. हिशोब पदार्थांच्या संख्येवर होतो. भातावर एक पदार्थ साधारण 40 ते 50 बाट, दुसरा घेतला की दहाएक वाढतात, अंड्याचे आणखी दहा. पदार्थ भातावरच घ्यायचा. वेगळ्या वाटीत मागितला तर बहुतेक ठिकाणी किंमत वाढते. उजव्या हातात चमचा, डाव्या हातातल्या काट्याने घास चमच्यात लोटायचा. चॉपस्टिक्स नूडल्ससाठी.

इथे वेळेला फार महत्त्व आहे. पदार्थ सकाळीच होतात, म्हणून अकरा ते साडेबारा ही उत्तम वेळ. दीड-दोनला गेलात तर ट्रे खरवडलेले असतात आणि जे उरलंय ते का उरलंय हे खाल्ल्यावर कळतं. मी तिकडे असताना दिवसाचं मोठं जेवण दुपारीच घेते.

पाडांगच्या खाणावळींचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण तिथे नवखा माणूस घाबरतो. पश्चिम सुमात्रातल्या मिनांग लोकांची ही पद्धत आता इंडोनेशियाभर आहे. तुम्ही बसता, काही मागवत नाही, आणि वाढपी एका हातावर कोपरापर्यंत बशा रचून येतो. बघता बघता टेबलावर दहा-बारा बशा. रेंदांग, म्हणजे तेल सुटेपर्यंत आटवलेलं काळपट मांस, हळदीच्या रश्श्यातलं चिकन, फणसाची भाजी, उकडलेला कसाव्याचा पाला, हिरव्या मिरचीचा सांबाल, म्हणजे ठेचा. पहिल्या खेपेला मला दरदरून घाम फुटला होता. एवढं सगळं माझ्या नावावर लागलं तर? तसं होत नाही. ज्या बशीला हात लावाल तिचेच पैसे. बशीत दोन तुकडे असतील आणि एक खाल्लात तर एकाचेच. जेवण झालं की वाढपी उरलेलं नजरेने मोजतो, चिठोऱ्यावर आकडे मांडतो, आणि न शिवलेल्या बशा उचलून नेतो. म्हणून मी बसल्याबसल्या दोन बशा जवळ ओढते आणि बाकीच्या टेबलाच्या पलीकडच्या कडेला सरकवते. मोह होतो, खोटं कशाला सांगू. एवढंही नको असेल तर काउंटरवर उभं राहून बोट दाखवून ताटली भरून घ्या. बांधून नेणार असाल तर 'बुंगकुस' म्हणायचं. त्या पुडक्यात भात बहुतेक जास्तच असतो.

मलेशियात पेनांगला 'नासी कांदार' खा. कांदार म्हणजे कावड. तमिळ मुसलमान विक्रेते एका टोकाला भात आणि दुसऱ्या टोकाला रस्से लटकवून खांद्यावरून विकत फिरायचे, त्यावरून हे नाव. आता दुकानं झाली, पण भातावर चार-पाच रस्से एकत्र ओतायची रीत तीच आहे. 'बांजिर' म्हटलंत की पूर येतो. बांजिरचा अर्थच पूर. इथे एक सांभाळा: किंमत शेवटी सांगतात. कोंबडीचा तुकडा आणि भेंडी स्वस्त पडते. मोठी कोळंबी, माकूळ किंवा माशाची गाबोळी ताटात आली की आकडा एकदम चढतो. तेव्हा बोट दाखवण्याआधी 'बरापा?' विचारा, म्हणजे 'किती?' त्यात कुणाला काही वाटत नाही.

सिंगापूर महाग, हे खरं, पण ते हॉटेलात. मेन्यूवर किमतीपुढे दोन अधिक चिन्हं दिसली की समजा, सेवाशुल्क आणि कर अजून लागायचेत. आधी 10 टक्के सेवाशुल्क, मग त्या बेरजेवर 9 टक्के जीएसटी. 20 डॉलरचा पदार्थ असा 23.98 ला पडतो. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे फेरीवाल्यांच्या खाण्याच्या मंडईत, फलकावर 5 डॉलर लिहिले असतील तर 5 च द्यायचे. रस्त्यावरच्या फेरीवाल्यांना सरकारने 1968 पासून नोंदवलं आणि पुढे 1986 पर्यंत बांधलेल्या मंडयांमध्ये हलवलं. पाणी, गटार, छप्पर मिळालं, आणि एकच पदार्थ आयुष्यभर करणारी माणसं आपापल्या गाळ्यात टिकली. 2020 मध्ये युनेस्कोने या हॉकर संस्कृतीला वारशाच्या यादीत घेतलं. त्याआधी 2016 मध्ये अशाच दोन गाळ्यांना मिशेलिन या नावाजलेल्या खाद्य-मार्गदर्शिकेचा तारा मिळाला, त्यांतल्या एकाची सोया सॉसमधल्या कोंबडीची ताटली तेव्हा दोनेक डॉलरला मिळायची. टेबलावर टिश्यू पेपरचं पुडकं दिसलं तर तिथे बसू नका, जागा धरलेली आहे. खाऊन झालं की ट्रे स्वतः ठेवून या. 2021 पासून तो नियम आहे, न पाळल्यास दंड होऊ शकतो.

माझे पैसे एकदाच दणदणीत गेले. दक्षिण थायलंडात समुद्रकाठच्या एका हॉटेलात (नाव सांगत नाही) बर्फावर मांडलेल्या माशांवर 80 बाटची पाटी होती. मी ऐटीत अख्खा मासा निवडला. ती किंमत 100 ग्रॅमची होती आणि मासा भरला 900 ग्रॅम. 720 बाट, वर सेवाशुल्क वेगळं. पाटीवर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. तेव्हापासून वजनावर विकलं जाणारं काहीही आधी तराजूवर ठेवायला लावते आणि आकडा लिहून घेते. व्हिएतनाममध्येही न मागता टेबलावर आलेले दाणे आणि ओले रुमाल पुष्कळदा बिलात येतात. नको असतील तर हात न लावता परत द्या.

आणि घासाघीस करू नका, कळकळीने सांगते. बाजारात टोपी घेताना करा हवी तर. पहाटे उठून बारा पदार्थ रांधणाऱ्या बाईने 50 बाट सांगितले, तर 50 द्यायचे.

आता मावशी, तुझा प्रश्न. शाकाहारी माणसाने काय करायचं? नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही, कारण फिश सॉस आणि कोळंबीची आंबवलेली चटणी भाज्यांतही असते. थायलंडात तिला 'कापी' म्हणतात, मलेशियात 'बेलाचान', इंडोनेशियात 'तेरासी'. गाडोगाडो या इंडोनेशियातल्या उकडलेल्या भाज्यांच्या पदार्थावरच्या शेंगदाण्याच्या चटणीतही ती पुष्कळदा घालतात, म्हणून आधी विचारून घ्यायचं. व्हिएतनाममध्ये 'कम चाय' अशी पाटी शोध. ते बौद्ध शाकाहारी जेवण, आणि अमावास्या-पौर्णिमेला तिथे स्थानिकांचीच गर्दी असते. थायलंडात पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरांत 'जे' लिहिलेलं असतं. जे म्हणजे मांस-मासे नाहीतच, अंडं-दूध नाही, आणि कांदा-लसूणसुद्धा नाही. तुला तर हेच हवं. दरही काचेमागच्या इतर जेवणासारखेच.

शिवाय चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात तिथे नऊ दिवस शाकाहाराचा उत्सव असतो. फुकेतमध्ये आणि बँकॉकच्या यावरात या चिनी वस्तीत रस्तेच्या रस्ते पिवळ्या झेंड्यांनी भरतात, आणि एरवी डुकराचं मांस विकणाऱ्या गाड्यांवरही जे पदार्थ मिळतात. 2023 आणि 2024 मध्ये तो बरोबर आपल्या नवरात्रात आला होता, 2025 मध्ये महिनाभर पुढे गेला. तेव्हा तिकीट काढण्याआधी त्या वर्षीच्या तारखा बघून घे.