स्टेशन फुटतं तेव्हा ऐकू काय यावं?

सिनेमात अवकाशस्थानकाच्या चिंधड्या उडतात तो एकच प्रसंग, जेमतेम सव्वादोन मिनिटांचा. त्याच्या साउंड मिक्सिंगला माझा अख्खा दिवस गेला आणि तो अजून डोक्यातून जात नाही.

निर्वातात आवाज पोचत नाही, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. बहुतेक जण तिथेच थांबतात. अंतराळवीराचा हात स्थानकाच्या दांड्यावर असेल, तर धातूतली थरथर हातमोजा, सूट आणि सूटमधली हवा अशी कानापर्यंत येते. म्हणून स्फोटाचा ट्रॅक लो-पास फिल्टर (फक्त खालचे स्वर जाऊ देणारा) लावून साधारण 200 हर्ट्झखाली आणला. वरचा कडकडाट गेला, उरली नुसती घुमघुम. तीही पकड असेपर्यंतच. हात सुटला त्या फ्रेमला कट.

पूर्ण शांतता मात्र चालत नाही. ट्रॅक शून्यावर नेला की थिएटरचा एसी ऐकू येतो, खुर्च्या करकरतात आणि प्रेक्षकाला वाटतं साउंड गेला. सूटमध्ये हवा खेळती ठेवणारा पंखा असतो. त्याची घरघर आणि श्वास सेंटर चॅनलवर, म्हणजे मधल्या स्पीकरवर, अगदी बारीक ठेवले, तेव्हा कुठे शांतता ऐकू यायला लागली.

दुपारी व्हीएफएक्सकडून, म्हणजे दृश्य परिणाम करणाऱ्या टीमकडून, नवा शॉट आला. तुकड्यांचा मारा 11 फ्रेम पुढे सरकवलेला, आणि कुणी कळवलेलं नाही. सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे जवळजवळ अर्धा सेकंद. सगळे कट पुन्हा जुळवले. ही बेपर्वाई मला सहन होत नाही. वर शॉटमध्ये धुराचे लोट! लोट उठायला भोवती हवा लागते. निर्वातात वायू सरळ फाकत जातो.

संध्याकाळी दिग्दर्शकांनी दुसरी आवृत्ती मागितली. संपूर्ण स्फोट, सबवूफरवर 30-40 हर्ट्झचा दणका, मागच्या स्पीकरांतून सणसणत जाणारे तुकडे. एलएफई, म्हणजे सबवूफरच्या, चॅनलला बाकीच्यांपेक्षा 10 डेसिबल जास्त वाव असतो, त्यामुळे दणका थेट छातीत बसतो. खोटा आहे हे माहीत असून मी तो प्रसंग तीनदा लावला. तिसऱ्यांदा तपासण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तीच आवृत्ती सिनेमात गेली. हात सुटतो तो कट मात्र त्यांनी राहू दिला: दणक्यानंतर दोन सेकंद फक्त श्वास. माझ्या आवृत्तीतल्यापेक्षा ती शांतता जास्त भेदक वाटली. आधीचा खोटा दणका नसता तर तशी वाटली असती का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.