ओल्या हातातील टॉर्च आणि तिच्या अंगावरील खाचा

धातूची टॉर्च घेताना प्रकाश किती लांब पडतो आणि सेल किती वेळ टिकतो एवढेच बहुतेक जण पाहतात. तिचे अंग हातात कसे बसते याकडे क्वचितच लक्ष जाते. बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्याच्या पश्चिमेस, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, पावसाळ्यात हात कोरडा राहणे शक्यच नसते, आणि चिकोडी-निपाणीकडे रात्रीच्या थ्री फेजवर उसाला पाणी पाजणाऱ्या माणसाच्या तळहाताला चिखल लागलेलाच असतो. म्हणून पकडीची परीक्षा दुकानातल्या कोरड्या हाताने होऊ शकत नाही, असे माझे ठाम मत आहे.

कोणती खाच उपयोगाची, हे हाताचा जोर कोणत्या दिशेने पडतो यावर ठरते. बूड दाबून चालू होणाऱ्या टॉर्चवर अंगठ्याचा दाब तिला मुठीतून पुढे ढकलत असतो. तेथे अंगाभोवती कोरलेल्या गोल कड्या बोटांना अडवून धरतात, तर लांबीच्या दिशेने गेलेल्या पन्हाळी काहीच मदत करत नाहीत. याउलट सेल बदलण्यासाठी ओल्या हाताने बुडाचे झाकण फिरवायचे असेल, तर याच उभ्या पन्हाळी कामी येतात आणि कड्यांवरून बोटे नुसती गरगरतात. एव्हरेडीच्या जुन्या पत्र्याच्या टॉर्चवर उभ्या पन्हाळी असत, आणि त्यांच्यामुळे पातळ पत्र्याला ताठपणाही येई. तिचे बटण पुढे सरकवावे लागे, म्हणजे जोर पन्हाळींच्याच दिशेने पडे. तरी ती सहसा निसटत नसे, कारण मोठ्या सेलचा व्यासच सुमारे ३४ मिलिमीटर असल्यामुळे मूठ भरून येई. आज प्रचलित असलेला १८६५० हा सेल १८ मिलिमीटर व्यासाचा असतो आणि त्याची टॉर्च बऱ्याचदा पंचवीस मिलिमीटरच्या आसपास असते. मूठ इतकी मोकळी राहिली की सगळी भिस्त पृष्ठभागावर येते.

दोन्ही दिशांचा जोर पेलणारी नक्षी म्हणजे तिरप्या रेषा एकमेकींना छेदून तयार होणारे डायमंड नर्लिंग (पकडीसाठी धातूवर उठवलेली खरबरीत दातेरी नक्षी म्हणजे नर्लिंग). अमेरिकेतील मॅगलाइटने १९७९ मध्ये बाजारात आणलेल्या ॲल्युमिनियमच्या टॉर्चमुळे ते जगभर परिचित झाले. त्याच कंपनीची १९८४ ची मिनी मॅगलाइट डोके फिरवून चालू होते, आणि अशा टॉर्चला पिळाचा जोर सोसणारी पकड लागतेच.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर काम केलेल्या वाचकांना नर्लिंग नवीन नाही, परंतु टॉर्चच्या नळीवर ते नीट उठवणे वाटते तितके सोपे नसते. दाबून केलेल्या नर्लिंगमध्ये हत्याराची दातेरी चाके धातू बाजूला सारून वर उचलतात, त्यामुळे बाहेरचा व्यास वाढतो आणि पातळ नळीवर हा दाब पडला तर आतील भोक वेडेवाकडे होऊन सेल अडकू शकतो. म्हणून हे काम भोक पाडण्यापूर्वी भरीव दांड्यावर उरकतात, किंवा धातू कापून काढणारे, कमी दाबाचे हत्यार वापरतात. नळीचा परीघ दातांच्या अंतराच्या पूर्ण पटीत बसला नाही, तर चाक दुसऱ्या फेऱ्यात जुन्या खुणांच्या मधे उतरते आणि नक्षी दुहेरी, चुरगळलेली दिसते. स्वस्त टॉर्चवर हा दोष भिंगाशिवायही ओळखता येतो, आणि अशी टॉर्च मी तरी घेऊ नये असेच सांगेन.

दातांमधील अंतराला मी सर्वाधिक महत्त्व देतो. नव्वद अंशांच्या दातांची खोली साधारण अंतराच्या निम्मी येते, म्हणजे ०.६ मिलिमीटर अंतराच्या बारीक नर्लिंगला ०.३ मिलिमीटरच खोली मिळते, आणि १.२ मिलिमीटरला तिच्या दुप्पट. कोरड्या हाताला बारीक नक्षी फार सुखद लागते, पण शेतातली काळी माती तिच्यात क्षणात बसते आणि नंतर हाताखाली गुळगुळीत लेपच उरतो. निपाणीच्या बाजूला तंबाखूच्या हिरव्या पानांचा चीक हाताला लागतो, त्यावर धूळ बसली की हीच अवस्था होते, आणि साबणपाणी व जुना टूथब्रश घेतल्याशिवाय ती निघत नाही. भरड खाचांतून मात्र पाणी आणि चिखल दोन्ही वाट काढतात.

भरड म्हणजे टोकदार असे समजू नये. टोकदार दात खिसा आणि तळहात सोलतात, शिवाय त्यांवरचे ऍनोडायझिंग, म्हणजे ॲल्युमिनियमवर विजेच्या साहाय्याने चढवलेला ऑक्साइडचा संरक्षक थरही आधी जातो. हा थर पृष्ठभागाला काटकोनात वाढतो, त्यामुळे तीक्ष्ण कडेवर तो सांधत नाही आणि तेथे फट राहते. कठीण प्रकारच्या ऍनोडायझिंगची जाडी पन्नास मायक्रॉनच्या आसपास असली तरी काळ्या टॉर्चवर सर्वांत आधी चमकू लागतात ते दातांचे शेंडे. म्हणून दातांचे टोक थोडे छाटलेले, अंतर १ ते १.२ मिलिमीटर, आणि बुडाजवळ बोट अडेल अशा एक-दोन खोल कड्या, ही रचना आपल्या भागातील कामाला मला सर्वांत योग्य वाटते. मिलिंगने, म्हणजे फिरत्या कटरने, कोरलेले मोठे चौकोन दिसायला देखणे असतात, पण त्यांच्या सपाट माथ्यावर ओला हात घसरतो.

हाताशी असलेली चांगली टॉर्च अंगाने गुळगुळीत असेल, तर ओळखीच्या टर्नरकडून बुडाजवळ कड्या पाडून घेता येतात. त्यापूर्वी सेल, बटण आणि रबरी रिंगा काढाव्यात, आणि व्हर्नियरने भिंतीची जाडी मोजावी. दोन मिलिमीटरच्या भिंतीत अर्ध्या मिलिमीटरहून खोल जाऊ नये आणि आट्यांच्या वर तर हत्यार लावूच नये. उघड्या पडलेल्या ॲल्युमिनियमवर हवेनेच ऑक्साइडचा पातळ थर धरतो, त्यामुळे गंजाची फारशी चिंता नसते. खाचेच्या कडा मात्र बारीक पॉलिश पेपरने मारून घ्याव्यात.