बीपीटीची मालगाडी

शिवडी स्टेशनच्या पूर्वेला उतरून जेट्टीकडे चालत निघालेल्या माणसांच्या गळ्यात हिवाळा सुरू झाला की हातभर लांबीची भिंगे लटकू लागतात. त्यांना चिखलात उतरलेले रोहित पक्षी टिपायचे असतात, आणि भरती-ओहोटीची वेळ साधायची असल्यामुळे ही मंडळी फार भरभर चालतात. अशाच एका फेब्रुवारीतल्या दुपारी माझ्या पुढे चाललेल्या एका गृहस्थांचा बूट रस्त्यातल्या लोखंडाला अडखळला. त्यांनी खाली पाहिले, डांबरात अर्धवट बुडालेली आणि खाचेत चिखल व बाटल्यांची झाकणे भरलेली ती जोडी पाहून ‘हे कसले रूळ इथे?’ असे विचारले, आणि उत्तरासाठी न थांबता पुढे निघून गेले. उत्तर माझ्याकडे होते. पण ते इतके लांबलचक आहे की ते थांबले नाहीत हे त्यांच्या दृष्टीने बरेच झाले. त्यांची ओहोटी हुकली असती.

मुंबई बंदराला, म्हणजे ते चालवणाऱ्या बॉम्बे पोर्ट ट्रस्टला (बीपीटी), स्वतःची रेल्वे होती. १ जानेवारी १९१५ रोजी ती सुरू झाली. बॅलार्ड पिअरपासून वडाळ्यापर्यंत तिची धाव, म्हणजे सारा मामला साडेसात मैलांचा. वडाळ्याला जीआयपी आणि बीबीसीआय (आजच्या मध्य आणि पश्चिम रेल्वेच्या पूर्वज) या दोन मातब्बर रेल्वे तिच्याकडून माल घेत आणि तिच्या हवाली माल करीत. मात्र त्या साडेसात मैलांना गोद्यांकडे, गोदामांकडे आणि धक्क्यांकडे वळणारे इतके फाटे फुटलेले होते की मूळ मार्ग कोणता आणि फाटा कोणता हे पाहणाऱ्याला सहसा कळत नसे. लकडी बंदर, कोळसा बंदर, गवताच्या गंजींसाठीचे ‘हे बंदर’ (यातले ‘हे’ इंग्रजी, म्हणजे वाळलेले गवत), असा एकेका मालाच्या नावाने ओळखला जाणारा तो सगळा किनारा. कापसाच्या गाठींची गोदामे तर इतकी की तिथल्या स्टेशनाचे नावच कॉटन ग्रीन पडले. विलायतेच्या बोटीतून उतरलेले साहेब लोक बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावरूनच फ्रंटियर मेलमध्ये बसत, असे जुन्या मुंबईवर लिहिणारे फार रंगवून सांगतात. मला त्या गाडीचे अप्रूप कधीच वाटले नाही. त्याच रुळांवरून दिवसभर पोती, गाठी, पिंपे आणि लोखंडाच्या कांबी वाहणारी, कुठल्याही वेळापत्रकात नाव नसलेली, कोणाला तरी काहीतरी पाठवायचे असेल तेव्हाच निघणारी जी गाडी होती, ती मला गाडी वाटते.

याचे कारण अर्थात मामा. ते बीपीटीत टॅली क्लार्क, म्हणजे मालाची मोजदाद करणारे कारकून होते आणि वडाळ्याला राहत. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भाचरे तिथे जाऊन पडत असू. दुपारची जेवणे उरकून मामी आडवी झाली की मामेभाऊ आणि मी चपला हातात घेऊन जिना उतरत असू. तळमजल्यापर्यंत पोहोचलो की वरून, ‘उन्हात कुठे निघालात रे मेल्यांनो?’ असा आवाज येई आणि तोच निघण्याचा इशारा समजून आम्ही पळत सुटत असू. जायचे ठिकाण एकच असे. एका गोदामाच्या भिंतीला लागून रूळ रस्ता ओलांडत, तिथे पिंपळाच्या पाराएवढी सावली होती. फाटक नव्हते. लाल बावटा घेतलेला एक माणूस इंजिनाच्या पुढे पायी चालत येई, रस्त्याच्या मधोमध उभा राही, आणि ट्रकवाल्यांच्या शिव्या अंगाला लावून न घेता सगळी गाडी पलीकडे जाईपर्यंत तसाच उभा असे.

गाडी जाण्यापेक्षा ती जोडली जाताना पाहण्यात जास्त मजा होती. दोन वाघिणींच्या, म्हणजे मालडब्यांच्या, बफरांमध्ये वाकून शिरलेला शंटर कपलिंगचा आकडा अडकवी, मळसूत्र फिरवून ते आवळी, बाहेर येऊन कमरेवर हात ठेवून क्षणभर उभा राही आणि मग हिरवा बावटा हलवी. इंजिनाने ओढ घेतली की पहिल्या वाघिणीचा खणखणाट दुसरीत, दुसरीचा तिसरीत असा मागे मागे सरकत गोदामांच्या वळणाआड जाई आणि शेवटच्या वाघिणीला हिसका बसल्याचा आवाज फार दुरून, जवळजवळ दुसऱ्याच गाडीचा असावा तसा ऐकू येई. तो ऐकल्याशिवाय आम्ही जागचे हलत नसू.

वाघीण रिकामी झाली की तिच्या तळाशी आणि रुळांमधल्या खडीत सांडलेले धान्य गोळा करायला बायका येत. त्यांच्यातली एक, नाकात मोठी चमकी, काष्टा घट्ट खोचलेला, रुळावरच बूड टेकून सूप पाखडत असे. धूळ आणि तागाचे तंतू आधी पुढे उडत, मग मनगटाच्या एका झटक्याने खडे सुपाच्या ओठाशी येऊन थांबत, आणि गहू तिच्या पोटाच्या बाजूला सरकून राही. खडे ती बोटाने एकेक करून टाकी. इंजिनाची शिट्टी झाली की सूप तसेच आडवे धरून उठायची आणि वर न पाहता शेजारच्या रुळावर जाऊन बसायची. गाडी कोणत्या रुळावरून येणार हे तिला सांधेवाल्याइतकेच ठाऊक असावे. मामा म्हणत की दुष्काळाच्या वर्षी मिलो, म्हणजे परदेशी तांबडी ज्वारी, आली तेव्हा हा सडा तांबडा असे आणि तो उचलायलाही फारशी गर्दी होत नसे. मिलो ज्यांनी खाल्ली आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही.

भूगोल आम्ही वाघिणींच्या अंगावरून शिकलो. रेल्वेची आद्याक्षरे, रिकामे वजन, भार किती घालायचा तो आकडा, शेवटची मोठी दुरुस्ती कधी आणि कोणत्या कारखान्यात झाली त्याची नोंद, असे सगळे पांढऱ्या रंगात रंगवलेले असे. त्याच्या शेजारी कोणीतरी खडूने खरडलेले, कोणालाही न लागणारे हिशेब, आणि एका कोपऱ्यात खोचलेली गावाच्या नावाची चिठ्ठी. भुसावळ, इटारसी, कटनी. मामेभाऊ चिठ्ठ्या वाचण्यात पटाईत होता आणि वाचता आली नाही तर तो खुशाल एखादे गाव बनवून सांगे. त्याने सांगितलेले एक स्टेशन मी पुढे बरीच वर्षे नकाशात शोधत होतो.

मामांच्या कॉलनीतल्या वृद्धांच्या कालगणनेत मात्र एकच तारीख होती, १४ एप्रिल १९४४. फोर्ट स्टिकिन या बोटीत दारूगोळा, कापूस आणि सोने एकत्र भरून ती व्हिक्टोरिया गोदीत आणून उभी केली, कापसाला आग लागली आणि पुढचे सर्वांना ठाऊक आहे. कोणाचे लग्न, कोणाचा जन्म, कोणत्या गोदामाचे छप्पर, सगळे ‘स्फोटाच्या आधी’ किंवा ‘स्फोटाच्या नंतर’. त्या माणसांना शतकाची आवश्यकता भासत नसे.

नोकरी लागल्यावर मी कॅमेरा घेतला आणि छत्तीस फोटोंचे महागडे रीळ मालगाडीवर खर्च करू लागलो, तेव्हा घरात माझ्याविषयी काळजीने बोलले जाऊ लागले. ग्रीन गेट, रेड गेट, यलो गेट अशी रंगांची नावे असलेल्या दरवाजांच्या आत फोटो काढण्यास मनाई, म्हणून माझे सारे काम बाहेरच्या रस्त्यावरून, जिथे रूळ रस्ता ओलांडतात तिथून चाले. सकाळी ऊन समुद्राकडून तिरपे डोळ्यांत येते. चारनंतर ते पश्चिमेकडून गोदामांच्या विटांवर आणि वाघिणींच्या गंजावर पडते आणि त्या काळपट तांबूस रंगाला जी झळाळी चढते ती आगगाडीच्या नव्याकोऱ्या डब्याला सात जन्मांत येणार नाही.

रेल्वेचे फोटो काढणाऱ्यांची एक अलिखित शिस्त असते. गाडी सबंध दिसली पाहिजे, चाके मोकळी हवीत, विजेचा खांब मध्ये नको आणि माणूस तर मुळीच नको. त्यासाठी ही मंडळी कसाऱ्याच्या किंवा खंडाळ्याच्या घाटात एखाद्या वळणावर तासन् तास उन्हात बसतात आणि ऐन वेळी कोणी गुराखी आडवा आला की कपाळाला हात लावतात. मला त्यांच्याविषयी आदर आहे; पण त्यांचे फोटो पाहताना मला नेहमी असे वाटते की ती गाडी कोणाचेच काही घेऊन निघालेली नाही. बीपीटीच्या गाडीला ही शिस्त लावली तर एकही फोटो हाती लागणार नाही, आणि लागला तर तो खोटा असेल. तिच्या अंगाला टेकून हातगाडीवाले उभे असत, तिच्या सावलीत ट्रकचे क्लीनर झोपत, आणि ती हलू लागली की या सर्वांना उठावे लागे. म्हणून माझा शिरस्ता उलटा होता. गाडी आली आणि रस्ता रिकामा असला तर मी बटण दाबत नसे. सायकलवाला येऊ दे, पाटी येऊ दे, बावटेवाल्याशी कोणीतरी भांडू दे, मग पाहू. बहुधा तोवर ती निघून जाई.

ती निघून गेली ती कायमची, त्याची कारणे कोणा एका माणसाच्या मर्जीत नाहीत. या रेल्वेचे सारे कसब एकेक वाघीण निवडून नेमक्या गोदामाच्या नेमक्या दाराशी नेऊन लावण्यात होते, कारण माल पाठवणारा व्यापारीही एका वाघिणीचाच मालक असे. १९८० नंतरच्या काळात भारतीय रेल्वेने सुटी वाघीण सोडून सबंध रेकच्या वाहतुकीचा मार्ग धरला. एका टोकाहून भरलेली गाडी न तोडता दुसऱ्या टोकाला न्यायची. हिशेब चोख होता. १९८९ साली खाडीपलीकडे न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले, माल पोत्यांतून कंटेनरमध्ये गेला, आणि जो उरला तो ट्रकने दारात येऊन उचलला. सूप पाखडणाऱ्या बाईला कंटेनरमधून काहीही सांडत नाही, हे या सुधारणेचे मोठे यश म्हणावे लागेल.

आता त्या जमिनीवरून २०१३ पासून ईस्टर्न फ्रीवे जातो आणि त्यावरून धावत्या गाडीतून खाली पाहिले तर गवतात बुडालेले रूळ अधूनमधून चमकतात. थांबायला तिथे बंदी आहे. शिवडीला २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू सुरू झाला. साडेसात मैलांच्या रेल्वेच्या उशाशी २१.८ किलोमीटरचा पूल. तो सुंदर आहे, त्याचे फोटो सगळ्यांकडे आहेत.

माझी जुनी निगेटिव्ह्ज मुलीने हल्लीच स्कॅन करून संगणकावर चढवली आणि शिस्तीने प्रत्येकाला नाव देत बसली. एकापाशी ती अडली. त्यात केळ्यांची हातगाडी होती, पाववाल्याची सायकल होती, पाठमोरा ट्रक होता, लुंगी वर खोचून हातवारे करणारा एक इसम होता.

‘बाबा, यात ट्रेन कुठे आहे?’

मी ट्रकच्या फाळक्यावरून डोकावणारा इंजिनाच्या छपराचा कोपरा बोटाने दाखवला.

‘एवढीच?’

एवढीच, म्हटले, आणि पुढच्या फोटोत तेवढीही नाही.